लोहाराला मारायचं नाही

“एष्टी घड्याळावर सुटते, जीप भरल्यावर सुटते, आन् कहानी हाय जीपच्या जातीची.”

उकंडा भगतचं हे बोलणं ज्यानं ऐकलं नाही, तो माणूस दारव्ह्याच्या जीपस्टँडवर कधी उभाच राहिला नसेल. घाई करणारा प्रवासी असो, मध्येच “पुढं काय झालं” म्हणून विचारणारा असो, उकंडा मान न वळवता हेच ऐकवायचा आणि मगच गिअर टाकायचा. पंचेचाळिशीचा उंच माणूस. खांद्यावर दुपट्टा, डाव्या कानावर अर्धी ओढलेली विडी. दारव्हा ते यवतमाळ काळीपिवळी चालवण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती.

गोष्ट सांगण्याचं वेड त्याला बापाकडून आलं होतं. कापसाच्या बैलगाड्या बाजार समितीच्या फाटकाबाहेर दोन-दोन दिवस रांगेत उभ्या राहत, त्या काळात उकंडाचा बाप जुवावर बसून रांगेतल्या लोकांना कहाण्या सांगायचा. त्याची एकच अट असे. ऐकणाऱ्यांपैकी एकानं प्रत्येक वाक्यामागे “हूं” म्हणायचं. हुंकार थांबला की बाप थांबायचा. मग कहाणीतला राजा घोड्यावर एक पाय ठेवून तसाच ताटकळायचा, आणि लोक हुंकार देणाऱ्याला शिव्या घालायचे.

ही दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट आहे. बापाच्या वेळच्या रांगा पुन्हा दिसू लागल्या होत्या, फक्त आता त्यांत ट्रॅक्टरही होते. खरेदी आज सुरू व्हायची, उद्या बंद पडायची. घराघरांत छतापर्यंत कापूस भरलेला, त्याच्यातच माणसं झोपायची आणि लेकरं अंग खाजवत शाळेत जायची. मुंबई-दिल्लीच्या गाड्या यायच्या, माणसं उतरायची, वह्या काढायची, पाणी पिऊन निघून जायची. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात होतं आणि जिल्ह्यातल्या माणसाला बोलायला मात्र कोणी नव्हतं. अशा दिवसांत उकंडाच्या जीपमध्ये जागा मिळावी म्हणून लोक दुसरी भरत आलेली गाडी सोडत, याचं कारण त्याची कहाणी होती. आणि ती कहाणी राजाची नव्हती, पऱ्यांचीही नव्हती. ती प्रफुल्लच्या पार्लरमधली होती.

स्टँडला लागून प्रफुल्लचं दुकान होतं. आधी ते एसटीडी बूथ होतं. मोबाइल आले, बूथ मेला, तेव्हा आयटीआय केलेल्या प्रफुल्लनं दोन टीव्ही आणि दोन गेमची डबडी आणली, दाराला जाड पडदा लावला आणि गेम पार्लर सुरू केलं. कॉलेजची पोरं येतील असा त्याचा हिशेब होता. आले ड्रायव्हर. जीप भरेपर्यंत तास-दीड तास करायचं काय? आधी ते पत्ते कुटत, आता रिमोट धरू लागले.

बाकीचे गाड्यांची शर्यत लावत. उकंडाला तिचा कंटाळा यायचा. “दिवसभर तेच करतो ना बाप्पा,” तो म्हणायचा. एकदा प्रफुल्लनं त्याला एक वेगळी सीडी लावून दिली. बर्फाचा मुलूख, जळालेलं गाव, आणि राखेत उभा एक लहान मुलगा. एक म्हातारा लोहार त्याला उचलून घेऊन जातो, वाढवतो, डाव्या हातात तलवार देतो. मुलगा मोठा होतो आणि गाव जाळणाऱ्यांचा शोध घ्यायला निघतो. इंग्रजी अक्षरं पडद्याच्या तळाशी पळायची. प्रफुल्ल ती वाचून वऱ्हाडीत सांगायचा. उकंडानं नायकाचं नाव डाव्या ठेवलं. म्हाताऱ्याचं नाव लोहारबुवा.

आणि पहिल्याच दिवशी उकंडा पडद्याला “हूं” म्हणू लागला. पार्लरमधले ड्रायव्हर हसून लोळले.

“हासा,” तो म्हणाला. “कोनी तरी सांगून राह्यलं आन् तुमी तोंड शिवून बसले. तुमाले लाज नाही, मले हाय.”

त्याला सगळ्यात जास्त चीड फुलसिंगची यायची. फुलसिंग राठोड दिग्रस लाइनवर जीप चालवायचा. मनानं मोकळा, पण त्याच्या अंगठ्याला बोलणं सहन व्हायचं नाही. गेममधलं माणूस बोलायला तोंड उघडतं न उघडतं तोच फुलसिंग बटन दाबून त्याला उडवायचा आणि थेट मारामारीवर जायचा.

“काहून उडवतं बे?” उकंडा खवळायचा. “तो त्याच्या मायबद्दल सांगून राह्यला होता!”

“त्याच्या मायचं मले काय करा लागते भाऊ? मले सांगा, मारायचं कोनाले.”

“पंगतीत बसून भात-वरन टाकून देनारा आन् नुसते भजे खानारा मानूस हायेस तू.”

“भजेच चांगले लागतात ना!”

उकंडा स्वतः या गेमवर जीव लावून होता, पण आंधळा नव्हता. त्याच्याकडे तक्रारींची कमी नव्हती आणि त्या तो जीपमध्ये, भर रस्त्यात, स्टेअरिंगवर हात आपटून मांडायचा. त्याची हक्काची ऐकणारी होती लाडखेडची कांताबाई. वांग्या-मिरच्यांच्या टोपल्या घेऊन ती दर बाजाराला दारव्ह्याला यायची आणि दुपारी उकंडाच्या जीपनं परत जायची. साठीची बाई, आवाज तिखट. हुंकार देण्याचं काम तिनं कोणाला न विचारता स्वतःकडे घेतलं होतं.

“दिवसा कहानी सांगतली त मामा वाट चुकते म्हनतात,” ती एकदा म्हणाली.

“मामा कायले चुकते? मामा मागच्या शिटावर बसला हाय,” उकंडानं आरशात पाहत एका झोपलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं, आणि जीप हसली.

“आता आयका मावशी. हा डाव्या कोनाच्याही घरात घुसते. गरिबाच्या झोपडीत जाते, त्याचे मडके फोडते, त्यातले पैसे काढते आन् चालला जाते.”

“हूं... काय? लोकाईचे मडके फोडते?”

“हाव ना. आन् घरवाली बाजूले उभी राहून म्हनते, या वीरा, तुमचं भलं होवो.”

“माह्या घरात येऊन फोड म्हना मडकं,” कांताबाई म्हणाली, “डावा हात उजव्या हाती घेऊन जाईन तो!”

उकंडाला हेच हवं असायचं. तो पेटायचा. “आन् बायकोचं आयका. याची बायको पयल्या अर्ध्या घंट्यात मारून टाकतात. कायले? त याले राग याव म्हनून. मी प्रफुल्लले इचारलं, म्हनलं बाबू, दुसऱ्या गेमात काय हाय? तो म्हने काका, त्यात पोरगी मारतात. बाईचा जीव घेतल्याशिवाय याहीच्या मर्दाले लढताच येत नाही काय? आन् मरनारे! आतापावतर म्या आठशे मानसं मारली असतील. एकाले नाव नाही. एकाची माय रडत नाही. आन् डाव्याच्या दोस्ताले एक बाण लागला त वाजंत्री सुरू, बर्फ पडून राह्यलं, सारं जग थांबलं. आठशेचं काय मंग? ते काय कापसाचे किडे होते?”

“हूं,” कांताबाई म्हणायची. आणि जीपमधले इतरही, जे आधी खिडकीबाहेर पाहत असायचे, ते हळूहळू “हूं” म्हणू लागायचे. दारव्ह्यापासून लाडखेडपर्यंत ती जीप हुंकारत जायची.

पौषाच्या आरंभी कहाणीनं वळण घेतलं. डाव्याला कळलं की ज्यांनी त्याचं गाव जाळलं त्यांच्या तलवारी लोहारबुवाच्या भट्टीत घडल्या होत्या. म्हाताऱ्यानं ते आयुष्यभर लपवलं होतं. उकंडानं हे सांगितलं तेव्हा लाडखेडचा थांबा आला होता, पण कांताबाई उतरली नाही.

“म्हनजे आता डाव्या त्याले मारन?”

“तसंच दिसून राह्यलं मावशी. प्रफुल्ल म्हनते, शेवटी त्याच्यासंगच लढाई हाय.”

“काहून पन?” बाई भडकली. “लोहार तो. जो लोखंड आनन त्याची वस्तू करून देते. विळा घडवला, त्या विळ्यानं कोनी कोनाचा गळा कापला, त लोहाराले फाशी देतं काय? आमच्या गावचा लोहार साऱ्याईचे फाळ करते. वाईट मानसाचाही करते. नाही म्हनाचा त्याले हक कोन देते? ज्यानं गाव जाळ म्हनून सांगतलं त्याले धर ना!”

“ते मलेही पटते.”

“पटते त मारू नोको. त्या पोराले वाढवलं त्यानं. उकंडा, लोहाराले मारू नोको. वचन दे मले.”

उकंडानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. “देल्लं. माह्या हातानं नाही मरनार तो.”

पुढचा बाजार आला. उकंडानं सकाळची फेरी लवकर उरकली, जीप नंबरात लावली आणि पार्लरमध्ये शिरला. फुलसिंगही पाळीची वाट पाहत शेजारी येऊन बसला. डोंगराच्या माथ्यावर लढाई झाली. लोहारबुवा गुडघ्यावर आला, हातातला घण त्यानं खाली टाकला आणि मान झुकवली. पडद्याच्या मधोमध लाल चौकोन चमकू लागला. दाबा.

उकंडानं दाबलं नाही. दुसरी बटनं दाबून पाहिली, काही झालं नाही. मागं वळायचा प्रयत्न केला, वळता येईना. तलवार खाली ठेवायचं बटन नव्हतं. हात पुढं करून म्हाताऱ्याला उठवायचं बटन नव्हतं. एवढ्या मोठ्या गेममध्ये पोहायला बटन होतं, झाडावर चढायला होतं, मडकी फोडायला होतं. माफ करायला नव्हतं.

“प्रफुल्ल, हे काय हाय बे?”

“काका, एकच रस्ता हाय तिथं. दाबाच लागते.”

“आन् दाबल्यावर?”

प्रफुल्ल घुटमळला. त्यानं शेवट आधी पाहिला होता. “दाबल्यावर अक्षरं येतात. हे तू निवडलंस, म्हनते.”

उकंडा उभाच राहिला. “म्या निवडलं? बटन एक ठेवलं त्याईनं, आन् निवडलं म्या?” त्याचा आवाज दाराच्या पडद्याबाहेर गेला. “समोर ठेवायचं एक, आन् नंतर पापाचा वाटा माह्या पदरात टाकायचा! ही कहानी सांगाची रीत हाय काय? माह्या बापानं कधी आयकनाऱ्याले म्हनलं नाही का राक्षस तू मारला म्हनून. सांगनाऱ्यानं आपलं पाप आपल्या डोक्यावर घ्याव!”

पण रागाच्या भरातही त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तो दाबत नव्हता तोवर काहीच घडत नव्हतं. बर्फ पडत होता. म्हातारा मान खाली घालून श्वास घेत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोहारबुवा जिवंत होता. मग उकंडाला मार्ग सापडला. तो असाच ठेवायचा. प्रफुल्लला सांगून मशीनची वायर काढायची आणि ही सीडी पुन्हा लावायची नाही. कांतामावशीला सांगायचं, लोहार अजून डोंगरावर आहे, डाव्या त्याच्यासमोर आहे, आणि कोणी कोणाला मारलेलं नाही. हे खोटं नव्हतं. बापानंही राजाला घोड्यावर एक पाय ठेवून किती तरी वेळा ताटकळत ठेवलं होतं.

त्यानं प्रफुल्लकडे वळून तोंड उघडलं, आणि बाहेरून सदाशिवरावांची आरोळी आली.

“उकंडा! नंबर! गाडी भरली, काढ!”

सदाशिवराव स्टँडचे प्रमुख. निंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि त्यांच्या आरोळीवर जीपा हलत. आरोळी झाली आणि ड्रायव्हर उठला नाही तर मागचा नंबर पुढं, हा स्टँडचा कायदा. आणि पार्लरचाही एक कायदा होता: नंबर लागला की रिमोट खाली ठेवायचा, जो पुढं बसला असेल त्यानं उचलायचा. रिमोटवरून एकदा दोन ड्रायव्हरांची गचांडी धरण्यापर्यंत गेली होती, तेव्हा हा कायदा झाला. तो केला होता उकंडानंच.

अठरा वर्षांच्या सवयीनं त्याचा हात आपोआप रिमोट ठेवून मोकळा झाला. “वायर...” तो म्हणाला. प्रफुल्ल तेव्हा दुसऱ्या टीव्हीमागं वाकलेला होता. उकंडा दारापर्यंत पोचला, पडदा बाजूला केला, आणि मागं लोखंडावर घण पडावा तसा एक आवाज झाला.

त्यानं वळून पाहिलं. रिमोट फुलसिंगच्या हातात होता. पडद्यावर बर्फ लाल झाला होता.

“झालं भाऊ तुमचं काम,” फुलसिंग खूश होऊन म्हणाला. “अर्धा घंटा झाला अडकून बसले होते. एक बटन त होतं.”

उकंडा दारातून परत फिरला. अक्षरं आली. प्रफुल्लनं ती मोठ्यानं वाचली नाहीत.

“मागं घे,” उकंडा म्हणाला. “प्रफुल्ल, मागं घे त्याले. डोंगरावर ने.”

“नाही होत काका. शेवट झाला का त्याचं तो जुनं पुसून टाकते. आता पयल्यापासूनच खेळा लागन.”

“फुलसिंग,” उकंडा त्याच्याकडे वळला, “तुले कोनी सांगतलं होतं?”

“नियम तुमचाच हाय ना भाऊ. नंबर लागला, रिमोट पुढच्याचा. मी काय चोरला?” फुलसिंगचा चेहरा उतरला. “लाल चमकून राह्यलं होतं. दाबलं.”

“लाल चमकलं का दाबाचं! इचाराचं नाही, समोर कोन बसला हाय, त्यानं काय केलं, कोनाच्या घरचा हाय! तुह्यासारखे लोक हायेत म्हनून असे गेम बनवतात ते. त्याईले ठाऊक हाय, अंगठा थांबत नाही तुमचा!”

“उकंडा!” बाहेर सदाशिवराव गरजले. “निंघतं का दुसरी लावू?”

जीप खच्चून भरली होती. कांताबाई पुढच्या सीटवर, रिकाम्या टोपल्या मांडीवर. उकंडा बसला, गाडी काढली. गाव मागं पडलं तरी कहाणी सुरू झाली नाही. दोन्ही बाजूंना कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या होत्या, बोंडं अर्धी उमललेली, वेचायला बाई नव्हती, कारण वेचणीची मजुरीही निघेना.

“सांग ना गा,” कांताबाई म्हणाली. “हूं.”

“मेला मावशी.”

हुंकार आला नाही.

“म्या नाही मारला. माह्या हातानं नाही मेला,” उकंडा घाईनं म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच ते ऐकवेना. मग त्यानं सगळं सांगितलं. एकच बटन, डोंगरावरचा बर्फ, वायर काढायचा बेत, आरोळी, फुलसिंग. “आन् त्यानंतर लिहून येते का हे तुमीच निवडलं. सांगा आता! एकच ठेवते आन् निवडलं म्हनते.”

“ते मले नोको सांगू,” कांताबाई म्हणाली. “बियान्याच्या दुकानात एकच पिशवी होती यंदा. पीक बुडालं, मंग सायेब आले, म्हने बाई, हे बियानं तुमीच निवडलं ना? ते मले समजते. तू मले हे सांग, तो म्हातारा जिवंत होता तवा तू कुठं होता?”

“नंबर लागला होता मावशी. गाडी भरली होती.”

“गाडीत कोन होतं?”

उकंडानं गिअर बदलला.

“आमीच होतो ना?” बाईचा आवाज चढला. “मी होती, हे सारे होते. वरसभर ज्याची कहानी आयकली त्याचा जीव वाचून राह्यला, आन् आमी दोन मिनिट बसलो नसतो? कोनी म्हनलं होतं काय तुले का चाल लवकर? बाहेर येऊन एक डाव सांगतं, मावशी, वायर काढून येतो. सदाशिवरावाले मी पाह्यलं असतं!”

“खरं हाय,” मागून कोणी तरी म्हणालं. “घाई कोनाले होती?”

लाडखेड आलं. कांताबाई उतरली, टोपल्या एकात एक घातल्या, भाडं दिलं आणि वळली. दर बाजाराला ती “येतो गा” म्हणायची. आज म्हणाली नाही.

उकंडा यवतमाळला गेला, सवाऱ्या उतरवल्या, भरून परत आला. तिन्ही सांजेच्या आधी स्टँडवर पोचला तेव्हा निंबाखाली फुलसिंग दोन चहा घेऊन उभा होता. पार्लरच्या दारात पडदा धरून प्रफुल्लही होता.

“काका,” प्रफुल्ल म्हणाला, “उद्यापासून पयल्यापासून लावू. सारं वाचून दाखवीन. फुकट.”

“आन् शेवटी काय राहीन? तेच बटन.” उकंडा शांत होता, पण त्या शांतपणात धग होती. “नाही बाबू. एकदा मले फसवलं त्याईनं. दुसऱ्या डावाले मी ठाऊक असून गेलो, त मंग ते ‘निवडलंस’वालं अक्षर खरं होते.”

“भाऊ, चहा घ्या,” फुलसिंग म्हणाला. “चुकलो म्हना. पन खेळच त होता.”

“खेळच होता त मंग तू सांग त्याईले.”

“कोनाले?”

बाजारातून परतणारी माणसं एव्हाना उकंडाच्या जीपमध्ये शिरत होती. पिशव्या, कोंबड्या, एक नवी चाळणी. पुढची सीट भरली, मधली भरली. आतून कोणी तरी हाक दिली, “उकंडाभाऊ, आज शेवट सांगनार ना?”

सदाशिवरावांनी खुर्चीतून मान वर केली. “उकंडा, नंबर!”

उकंडानं खिशातून किल्ली काढली. चहाचा ग्लास फुलसिंगच्या हातून काढून निंबाच्या पारावर ठेवला आणि त्या मोकळ्या हातात किल्ली दिली.

“माह्या गाडीवर आज तू जाय.”

“मी? यवतमाळले? तुमची लाइन हाय भाऊ ती!”

“लाइन माहीच हाय. फेरी तुही. रस्त्यात इचारतील, लोहाराचं काय झालं. सांग. कोनी मारलं तेही सांग आन् काहून मारलं तेही सांग. बटन लाल होतं म्हनून सांग. हुंकार देतात का नाही, ते पाह्य.”

“अरे, नियमात हे बसत नाही,” सदाशिवराव उठत म्हणाले. “आपली गाडी आपल्या ड्रायव्हरनं...”

“नियम मले ठाऊक हाय रावसाहेब. अर्धे म्याच केले.”

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि चालू लागला. स्टँड ओलांडलं, रांगेत उभ्या ट्रॅक्टरांच्या कडेनं, कापसाच्या ढिगावर आडव्या झालेल्या माणसांच्या पायथ्यानं, मान ताठ ठेवून, एकदाही न थांबता. फुलसिंग स्टेअरिंगवर बसला होता, किल्ली लावली होती, पण फिरवत नव्हता. मागच्या सीटवरचं माणूस पुढं झुकून त्याला काही तरी विचारत होतं. फुलसिंग काचेतून उकंडाकडे पाहत राहिला. आणि पार्लरच्या दारातून प्रफुल्लही पाहत राहिला, शेवटच्या ट्रॅक्टरच्या पलीकडे तो उंच माणूस दिसेनासा होईपर्यंत.